कापसाची काडी

सुट्टी संपवून मी लॅबमध्ये परत आले तेव्हा माझ्या टेबलावर मोडक्या सुयांचा डबा होता. बिस्किटांचा रिकामा डबा, तोंडापर्यंत भरलेला. मी मोजत बसले नाही, पण दोनशेच्या वर असतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या सुया शिवणकामाच्या नव्हेत. काचेची बारीक नळी मधोमध तापवायची, मऊ पडली की दोन्हीकडून ओढायची, आणि तुटताना जे टोक तयार होतं ते नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्या टोकात एक खास द्रव भरायचा, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. एका सुईला पाऊण तास जातो. मग ती सुई आतड्याच्या अस्तराजवळ नेली की तिथलं पाणी किती आंबट आहे ते यंत्रावर आकड्यात दिसतं. साधं पाणी सात, सिरका तीन. आकडा जितका खाली तितकं जास्त आंबट. एकोणीस वर्षं मी या सुया बनवते आहे आणि महिन्याला दोनपेक्षा जास्त माझ्या हातून तुटल्याचं कुणी दाखवून द्यावं.

"हे काय आहे?" मी डबा उचलून विचारलं.

"काकू! आलात! सुटले बाई!" असं म्हणत धांदल माझ्या गळ्यातच पडली, आणि पडता पडता कोपराने माझा पेनांचा पेला सांडला. तिला सगळे धांदल म्हणतात. बत्तीस वर्षांची बाई, घरी चार वर्षांची मुलगी, लग्नानंतर मध्ये सहा वर्षं घरी बसून पुन्हा पीएचडीसाठी शिकायला आलेली. तिने हात लावला आणि वस्तू जागेवर राहिली असं मी पाहिलेलं नाही.

"सुया तुटायच्या हो," ती पेनं गोळा करत म्हणाली. "टोक खाली नेलं की अडकायचं, नाहीतर बुजून जायचं. रडकुंडीला आले होते. पण काम झालं, काकू! आकडे बघा ना माझे!"

मी तीन महिने सुट्टीवर होते, मुलीचं बाळंतपण. तेवढे दिवस हिने सुयाही स्वतःच बनवल्या आणि आतड्याचे तुकडेही स्वतःच लावले. एरवी दोन्ही कामं माझी. पहाटेच कत्तलखान्यातून बर्फाच्या डब्यात मेंढीच्या आतड्याचा सुरुवातीचा भाग येतो, जठर संपल्यावर लगेच लागतो तो. मी तो उभा चिरते, धुते, वाटीएवढ्या प्लास्टिकच्या कड्यावर ताणून बसवते. खालून त्याला कोमट खारं पाणी आणि प्राणवायू मिळत राहतो, म्हणजे तुकडा काही तास जिवंत राहतो. वर आम्लाचं पाणी घालायचं, आकडा तीन, आणि वरून सुई हळूहळू खाली सोडायची. बाकीचे लोक नऊला येतात तेव्हा सगळं मांडून तयार असतं. ताट वाढून ठेवावं तसं.

धांदलने वही पुढे केली. वरच्या पाण्यात आकडा तीन. सुई खाली खाली जाते, तीनच. मग अस्तर अगदी केसभर अंतरावर आलं की आकडा चढायला लागतो. चार, पाच, सहा. आणि अस्तराला टेकताना सहा पूर्णांक नऊ. वर सिरका आणि अंगाशी जवळजवळ साधं पाणी.

"म्हणजे अस्तर नुसतं सोसत नाही, काकू," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "ते आपल्या अंगाजवळचं आम्ल स्वतः आवरतं. आतून सोडा सोडतं, थोडा थोडा, सतत. आपण खायचा सोडा टाकतो ना, त्याचाच भाऊ."

मी हूं म्हटलं. मला ते आकडे आवडले नाहीत. कारण सांगते. आमच्या सरांनी या विषयावर एकतीस लेख लिहिले आहेत, आणि एकतीसच्या एकतीस लेखांत उलटं लिहिलं आहे. अस्तराला टेकेपर्यंत आकडा तीनच राहतो, अस्तराची कातडीच चिवट असते, ते पृष्ठभागावर काही आवरत नाही. बाहेरच्या दोन-तीन ठिकाणच्या लोकांनी वेगळं लिहिलं होतं. सर हसून म्हणायचे, "त्यांच्या सुया बघा एकदा. दाभण आहेत दाभण. आमच्या बाईंसारखा हात त्यांच्याकडे कुठे आहे?" आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी, आभारात, माझं नाव. ते एकतीस लेख मी प्लास्टिकच्या कागदात घालून एका फायलीत ठेवलेत. फाईल घरी कपाटात आहे, दागिन्यांच्या वरच्या खणात.

सरांनी धांदलची वही दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुन्हा करून दाखव. आता बाई आल्यात, चांगल्या सुया मिळतील, चांगले तुकडे मिळतील."

मग तिने पुन्हा केलं. माझ्या सुया, माझे तुकडे. आकडा तीन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी तीन पूर्णांक एक, तेव्हा तिने टाळी वाजवली आणि सर म्हणाले, "एवढी चूक यंत्राचीही असते." दहा दिवस असेच गेले. सुई एकही तुटली नाही आणि आकडा एकदाही चढला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "काकू, तुम्ही तुकड्याचं काही वेगळं करता का?"

"वेगळं काय करणार? नीट करते," मी म्हणाले. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

दहाव्या दिवशी, सोमवारी, सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं आणि माझं टेबल दारासमोर. सर ओरडणारे नव्हेत. ते म्हणाले, "हे बघ, माणसाची चूक होते. ते आकडे मागे घे. 'माझ्या मोजमापात दोष होता, हे आकडे वापरू नयेत,' असं एक पत्र दे सही करून. नंतरचे आकडे घालून प्रबंध पूर्ण कर. पदवी मिळेल तुला. शुक्रवारी बाराला कागदपत्रं परीक्षकांकडे जायची आहेत."

"आणि पत्र नाही दिलं तर?"

"तर परीक्षक तुला हे करून दाखवायला सांगतील. तुला ते दाखवता येणार नाही. मग ते चूक म्हणणार नाहीत, बनाव म्हणतील."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या टेबलावरच्या वस्तू एका ओळीत लावत बसली. धांदल, आणि वस्तू ओळीत! मला ते बघवेना. मी उगाच उठून कपाट आवरायला घेतलं.

मंगळवारी दुपारी तो मोडक्या सुयांचा डबा फेकायला म्हणून उचलला. खरं म्हणजे तो मी पहिल्याच दिवशी फेकायला हवा होता, पण तिला टोमणे मारायला बरा पडतो म्हणून ठेवला होता. फेकण्याआधी एक सुई सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हाताची खोड, दुसरं काही नाही. कुठे तुटली, कशी तुटली, हे मला बघावंसं वाटतंच.

टोकाला काहीतरी वाळून चिकटलं होतं. पिवळट, पापुद्र्यासारखं. दुसरी सुई काढली, तिलाही तेच. पंधरा-वीस बघितल्या. सगळ्यांच्या टोकाला तोच वाळलेला शेंबूड.

आतड्याच्या आतल्या अंगाला एक बुळबुळीत थर असतो. पुस्तकात त्याला श्लेष्मा म्हणतात, मी शेंबूडच म्हणते, कारण तो तसाच दिसतो. माझ्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात त्या शेंबडात अडकून माझ्या चार सुया तुटल्या होत्या. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी चारचौघांत मला फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी घरून कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणल्या. तुकडा धुऊन झाला की कापूस ओला करून हलक्या हाताने एकदा उभा, एकदा आडवा, मग पुन्हा उभा फिरवायचा. अस्तर कसं लख्ख दिसायला लागतं, गुलाबी, मखमलीसारखं. त्यानंतर सुई तशी तुटली नाही. कार्यपद्धतीच्या कागदावर "खाऱ्या पाण्याने हलकेच धुवावे" एवढंच लिहिलेलं होतं. पुसण्याचं कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. ती माझी हातोटी होती. कोण आपली हातोटी वाटत फिरतं?

धांदलला ते माहीत नव्हतं. ती नुसतं धूत होती. तिच्या सुया तुटत होत्या, कारण शेंबूड जागेवर होता.

मी डबा बंद केला आणि टेबलाखाली, पायाशी सरकवला. तो संध्याकाळपर्यंत माझ्या पायाला लागत राहिला.

बुधवारी सकाळी मी नेहमीच्या सातच्याऐवजी सहालाच पोचले. तुकडा चिरला, धुतला, कड्यावर बसवला. कापसाच्या काड्यांचा डबा उजव्या हाताशी असतो. हात आपणहून तिकडे गेला. मी तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली धरून थोडा वेळ बसले. म्हातारपणी चांगलं शोभतं, हातावर बसणं. मग वर आम्लाचं पाणी घातलं आणि सुई सोडली.

तीन. तीन. तीन. स्क्रू फिरवत गेले, श्वास रोखून. तीन पूर्णांक चार. चार पूर्णांक दोन. मला वाटलं सुई बिघडली. बिघडू दे, देवा, बिघडू दे. पाच पूर्णांक आठ. सहा पूर्णांक सहा. सहा पूर्णांक आठ. आणि तिथे आकडा थांबला, शांत, जणू तो तिथेच राहायला होता.

मला विषय कळत नाही असं नाही. एकोणीस वर्षं ऐकत आलेय. अस्तर खालून सोडा सोडतं आणि तो शेंबूड त्या सोड्याला वाहून जाऊ देत नाही, अंगाशी धरून ठेवतो. वरून आम्ल झिरपत येतं, खालून सोडा, आणि दोघांची गाठ त्या केसभर जाडीच्या थरात पडते. अस्तरापर्यंत पोचेतो आम्लातला दम गेलेला असतो. मी रोज सकाळी तो थर पुसून काढत होते. सोडा बिचारा सुटत असेल आणि पाण्यात विरून जात असेल. आणि मग आमचे सर लिहीत होते, अस्तर काही आवरत नाही. आवरेल कशाने? त्याच्या अंगावरचं पांघरूण मी काढून घेतलेलं.

एकतीस लेख.

मी काय केलं ते सांगते, लाज वाटते तरी. सुई काढली. तुकडा कड्यावरून उतरवला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला. पिशवीला गाठ मारली. दुसरा तुकडा घेतला, धुतला आणि पुसला. उभा, आडवा, उभा. नऊला धांदल आली तेव्हा लख्ख तुकडा मांडून तयार होता. दुपारपर्यंत तिने चार सुया वापरल्या. आकडा तीन.

घरी मला बसवेना. चहा केला, प्यायले नाही. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. एक कप हातातून सुटला आणि फुटला. आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी घरी आले की ते टेबलाशी बसून उरलेलं काम करतात. डोळ्याला भिंग लावलेलं, तरी त्यांना सगळं दिसतं.

"अगं, तिसऱ्यांदा ओटा पुसतेयस," ते म्हणाले. "झालंय काय तुला?"

"काही नाही."

"बरं."

मी फडकं पिळलं. वाळत घातलं. काढून पुन्हा पिळलं. मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अहो, समजा तुम्ही एखाद्याचं घड्याळ वर्षानुवर्षं चुकीचं लावून देताय, आणि तुम्हाला ते अचानक कळलं. तर?"

"त्याला सांगेन."

"आणि तो म्हणाला, इतकी वर्षं मी चुकीच्या वेळेला जगलो, तर?"

"म्हणेल. शिव्याही घालेल." त्यांनी चिमट्याने एक चक्र उचललं. "पण माहीत असून चुकीचं लावून परत द्यायचं, हे कसं जमणार?"

"तुम्हाला बोलायला सोपं आहे."

"सोपं कुठे? त्यानंतर तो माझ्याकडे येणार नाही," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले. मला त्यांचा राग आला. माणसाने इतकं सरळ असू नये.

गुरुवारी धांदलने मोजमाप घेतलंच नाही. ती पत्र टाईप करत होती. चार ओळींचं पत्र, तिला सकाळ पुरली नाही. मध्येच उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. दुपारी माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका. तुकड्याचं तुम्ही काहीतरी करता. मी पाहिलेलं नाही, पण तुमचे तुकडे माझ्या तुकड्यांसारखे दिसत नाहीत. माझे मळकट दिसायचे."

कापसाच्या काड्यांचा डबा आमच्या दोघींच्या मध्ये होता, पांढरा, झाकण उघडं. तिने नुसतं खाली बघितलं असतं तरी पुरे होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुझे मळकट दिसत होते कारण तू नीट धूत नाहीस," मी म्हणाले. "हात धुवायची तरी सवय आहे का तुला?"

ती हसली. तिने ते मान्यच केलं, हे सगळ्यात वाईट. "खरंय," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असणार. घरीही सगळे तेच म्हणतात, सहा वर्षांनी परत जाऊन काय दिवे लावणार आहेस. मुलगी मात्र सगळ्यांना सांगत फिरते, माझी आई पोटातलं आंबट मोजते."

ती गेली. मी झाकण लावलं. हात तिथेच, झाकणावर राहिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्याकडे बघून मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी तो टेबलावर दाबून धरला. या हाताची नाचक्की होऊ नये म्हणून मी त्या पोरीला खोटं पाडत होते. दुसरं काही कारण नव्हतं. नोकरी माझी जाणार नव्हती, सर मला काढणार नव्हते, ते स्वतःच दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. नुसता हात. नुसतं त्या आभारातलं नाव.

शुक्रवारी मी दोन तुकडे मांडले, शेजारी शेजारी. एकही पुसला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. मी चार वेळा सरांच्या दारापर्यंत गेले आणि चार वेळा पाणी प्यायला म्हणून वळले. पोटात पाणी डुचमळायला लागलं. अकरा वाजता धांदल पत्र घेऊन माझ्यासमोरून गेली. सरांनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं, टोपण काढलं, आणि टोपण तिच्या हातातून निसटून घरंगळत टेबलाखाली गेलं. ती ते शोधायला वाकली.

धांदलपणाचे उपकार मी जन्मात पहिल्यांदा मानले. ती टोपण शोधेपर्यंत मी खोलीत पोचले होते.

"सर, बाहेर या. दोघंही या."

"बाई, पाच मिनिटं."

"आत्ता या," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की पलीकडे यंत्रांशी बसलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या.

सर आले. मी सुई लावली. "तुकडा मी नुसता धुतलाय," एवढंच सांगितलं आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली. आकडे मी मोठ्याने वाचत गेले, कारण गप्प राहिले असते तर पळून गेले असते. तीन. तीन. तीन पूर्णांक सहा. चार पूर्णांक नऊ. धांदलने तोंडावर हात ठेवला. सहा. सहा पूर्णांक सात. सहा पूर्णांक नऊ.

सर यंत्राकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि एरवी?"

"एरवी मी पुसते." मी काड्यांचा डबा त्यांच्यासमोर धरला. "याने. शेंबडात सुया तुटतात म्हणून. पहिल्या वर्षापासून."

"रोज?"

"रोज. सर, तुमच्या सगळ्या लेखांमधले तुकडे पुसलेले आहेत."

सरांनी स्टूल ओढलं आणि बसले. ते चौसष्ट वर्षांचे आहेत, त्या क्षणी मला ते ऐंशीचे वाटले. पण माणूस मूळचा कामाचा. त्यांनी दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हाही तसाच आहे?"

"हो."

"मग हा पुसा. माझ्यासमोर."

माझं पुसणं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी काडी घेतली, कापूस ओला केला. उभा, आडवा, उभा. काडीला तो थर गुंडाळून आला, धाग्यासारखा लोंबत. अस्तर लख्ख झालं. ते खरंच सुंदर दिसतं, अजूनही दिसतं. मी सुई सोडली. तीन. तीन. तीन. टेकली, तरी तीन.

"एकच आतडं, एकच सुई, एकच हात," सर स्वतःशी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"मंगळवारी," मी म्हणाले. "बुधवारी मोजून खात्री केली. आणि तो तुकडा फेकून दिला."

धांदलने तोंडावरचा हात खाली घेतला. "काल मी तुम्हाला विचारलं होतं, काकू."

"हो."

"तुम्ही मला हात धुवायची सवय आहे का म्हणालात."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती रडेल, ओरडेल, मोकळी होईल, असं मला वाटत होतं. हवं होतं मला ते. पण तिने तसं काही केलं नाही. सर उठले, खोलीत गेले आणि ते पत्र घडी करून खिशात घालून परत आले. "हे आता लागणार नाही," ते तिला म्हणाले. "परीक्षकांना थांबायला सांगतो. दुसरं पत्र लिहायचं आहे, पण ते माझं मला लिहावं लागेल." आणि ते कुणाकडे न बघता बाहेर गेले. ते दाराबाहेर जाईपर्यंत मी त्यांची पाठ पाहिली.

टेबलाशी आता आम्ही दोघीच उरलो. मी डबा बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. माफ कर म्हणायचं होतं, त्याऐवजी सुई काढून ठेवली. धांदलने आपली वही आणली, कोरं पान काढलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. या वेळी काहीही सांडलं नाही.

"काकू, पुसायची पद्धत सांगा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "कार्यपद्धतीत ती कुठेच नाही. मला दोन्ही प्रकारचे तुकडे लागतील. कापूस कसला, किती वेळा, कोणत्या दिशेने, किती जोराने. सगळं सांगा."

मी सांगायला लागले. ओला कापूस, खाऱ्या पाण्यात बुडवून निथळलेला. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. जोर पापणीवर बोट फिरवण्याइतका. अस्तर गुलाबी दिसेपर्यंत. ती लिहीत गेली. मी पुढचं काही आठवावं म्हणून थांबले, आणि पुढचं काही नव्हतंच. एकोणीस वर्षांची हातोटी साडेतीन ओळींत संपली होती.

"खाली नाव घालते," ती वर न बघता म्हणाली. "कुणी पुसलं ते लिहावं लागतं. तुमचं घालू?"

"घाल," मी म्हणाले.